तेल्च पहिल्यांदा बघायला जाताय? मग या क्रमाने बघा

प्राग फिरून झालं, चेस्की क्रुमलोव्हच्या गर्दीत फोटो काढून झाले, आता पुढे कुठे जायचं असं चेकमधे नोकरीला किंवा शिकायला नवीन आलेली आपली मंडळी विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं आहे, तेल्चला जा. पण नुसतं जा म्हणून भागत नाही. तिथे जाणारे बरेच जण बसमधून उतरतात, चौकातल्या रंगीत घरांसमोर फोटो काढतात, एक कॉफी पितात आणि दोन तासात परत, वर म्हणतात छान आहे पण फारच छोटं आहे. छोटं आहेच की, वस्ती पाच हजारांच्या आसपास. पण हे बाजाराचं गाव नेमकं इथेच का वसलं, चहूबाजूंनी तळी का, घरं इतकी एकसारखी कशी आणि ती टिकली कशी, हे एकामागून एक लागत गेलं की चेकमधलं दुसरं कुठलंही जुनं गाव तुम्हाला आपोआप कळायला लागतं. म्हणून हा क्रम लिहितोय. माझा आग्रह एकच, आधी पाणी, मग वेस, मग बाजार, मग घरं, आणि राजवाडा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात.

निघायच्या आधी: नकाशा उघडून बसा

घरी बसूनच अर्धं काम होतं. मापी नावाचं चेक नकाशांचं ॲप आहे, इथे सगळे तेच वापरतात, ते फोनमधे घ्या. त्यात तेल्च शोधा आणि झूम करायच्या आधी थोडं लांबूनच बघा. गाव विसोचिना नावाच्या विभागात आहे, म्हंजे बोहेमिया आणि मोराविया या दोन जुन्या प्रांतांच्या मधला जो उंच पठारी डोंगराळ पट्टा त्यात, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर. गाव मोरावियाचं, पण बोहेमियाची हद्द अगदी जवळ, आणि दक्षिणेला थोडं गेलं की ऑस्ट्रिया. हे तीन प्रदेश जिथे जवळ येतात तिथून मालाच्या वाटा जाणारच, आणि वाटा जातात तिथे जकात, मुक्काम आणि बाजार येणारच. तेल्चचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आता त्याच ॲपमधे एकोणिसाव्या शतकाच्या जुन्या नकाशाचा लेअर आहे तो लावा. मला हे फीचर फार आवडतं. आजचा नकाशा आणि तो, दोन्ही आलटून पालटून बघा, जुनं गाव जवळपास जसंच्या तसं दिसतं, वाढ झालीय ती तळ्यांच्या पलीकडे. कुठल्याही चेक गावाला जायच्या आधी हे करायची सवय लावून घ्या, मधला चौक, त्याला मिळणारे रस्ते, पाणी आणि चर्च एवढं बघितलं तरी गावाचा सांगाडा समजतो.

पोचायचं कसं, आणि ट्रेन एवढी आडवळणाची का

प्रागहून साधारण १६० किलोमीटर, ब्र्नोहून १०० च्या आसपास. बस सोयीची पडते, वेळा इदोस नावाच्या वेबसाइटवर बघा, बस ट्रेन सगळं त्यात एकत्र सापडतं. ट्रेनने जायचं तर आधी यिह्लावा, मग कोस्तेलेत्स उ यिह्लावी नावाच्या छोट्या जंक्शनला बदलायचं आणि तिथून स्लावोनित्सेकडे जाणारी छोटी शाखा, लाइन नंबर २२७. वेळ जास्त लागतो पण एकदा तरी तशी जा, शेतं, जंगल, तळी यातून डबे हळूहळू जातात आणि आपण पठारावर चढत आलोय हे कळतं.

आणि हा आडवळणीपणा तेल्चच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. व्हिएन्नाहून निघून झ्नोयमो, यिह्लावा करत जाणारी मोठी रेल्वे १८७१ च्या सुमारास झाली, ती तेल्चला बाजूला ठेवून गेली. तेल्चला गाडी आली १८९८ साली, ती पण शाखा म्हणून. त्यामुळे मोठे कारखाने आले नाहीत, जुनी घरं पाडून चारमजली इमारती बांधायला कोणाकडे पैसाही नव्हता आणि कारणही नव्हतं. त्या काळच्या गावकऱ्यांना हे नक्कीच टोचलं असणार. पण आज आपण जे बघायला जातो ते बऱ्याच अंशी त्या मागे पडण्यामुळेच उरलंय, आणि १९९२ साली प्राग आणि चेस्की क्रुमलोव्हच्या बरोबरीने तेल्चचं जुनं गाव युनेस्कोच्या यादीत गेलं.

स्टेशनवरून जुन्या गावात दहा पंधरा मिनिटात चालत पोचता. सरळ चौकात घुसू नका.

पहिलं काम: तळ्यांच्या काठाने चक्कर

जुन्या गावाला लागून तीन तळी आहेत, श्तेपनित्स्की, उलित्स्की आणि स्तारोम्येस्त्स्की. ही नैसर्गिक नाहीत, माणसांनी बांध घालून केलेली आहेत. मूळ जागा म्हणजे दलदलीतला एक उंचवटा, शेजारून वाहणारा ओढा. उंचवट्यावर वस्ती, भोवती तटबंदी आणि तटाबाहेर पाणी, म्हणजे शत्रूला यायला एक दोनच वाटा राहतात आणि त्या दोन्हींवर वेस. डोंगरी किल्ले बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना पाण्याच्या जोरावर राखलेलं गाव जरा नवीन वाटतं, पण या पठारावर कडेकपारी नाहीत, मग संरक्षण पाण्यातूनच घ्यायचं.

दुसरं कारण मासे. १५व्या आणि १६व्या शतकात चेक प्रांतातल्या सरदारांनी तळी बांधायचा सपाटाच लावला होता कारण ख्रिश्चन उपासाच्या दिवशी मांस चालत नाही पण मासा चालतो, आणि कार्प नावाचा मासा साठलेल्या पाण्यात चांगला वाढतो. तळं म्हणजे रोख उत्पन्न. आजही शरद ऋतूत तळी रिकामी करून मासे धरतात आणि ख्रिसमसच्या जेवणात चेक घरात कार्प असतोच. ऑक्टोबरच्या आसपास गेलात आणि एखादं तळं चिखल दिसेपर्यंत उतरलेलं दिसलं तर काहीतरी बिघडलंय असं समजू नका, तो हंगामच आहे.

काठावरून गावाकडे बघा, मनोरे आणि घरांच्या पाठी पाण्यात दिसतात. सकाळी वारा नसताना सगळ्यात छान. हिवाळ्यात थंडी कडक असते, तळी गोठतात, तेव्हा कपडे तसे न्या.

इथेच पाण्याचा अजून एक विचार करा. तेल्चचं पाणी मोरावियन दिये नावाच्या छोट्या नदीत जातं, तिथून मोठी दिये, मोरावा, मग डॅन्यूब आणि शेवटी काळा समुद्र. पश्चिमेला यावोर्झित्सेची डोंगररांग आहे, तिच्या पलीकडचं पाणी मात्र व्ल्तावा आणि एल्ब या नद्यांमधून उत्तर समुद्राला मिळतं. म्हणजे तुम्ही युरोपच्या मोठ्या पाणलोटाच्या रेषेजवळ उभे आहात, आणि बोहेमिया मोरावियाची जुनी हद्द याच उंच पट्ट्यातून का गेली तेही लक्षात येतं.

दुसरं: थोरली वेस आणि सगळ्यात जुना मनोरा

गावाला दोन वेशी होत्या आणि दोन्ही शिल्लक आहेत, एक थोरली, एक धाकटी. थोरल्या वेशीच्या बाजूने आत या. आत आल्यावर पवित्र आत्म्याच्या चर्चचा मनोरा दिसेल, दगडी, साधा, ४९ मीटर उंच. हा १३व्या शतकाच्या पूर्वार्धातला, गावातलं सगळ्यात जुनं उभं बांधकाम हेच. लोक याच्याकडे बघतसुद्धा नाहीत कारण पुढे रंगीत चौक खुणावत असतो. पण थांबा जरा. आज दिसणाऱ्या चौकाच्या आधीपासून हा इथे उभा आहे.

गावाच्या जन्माची एक दंतकथा सांगतात, १०९९ साली मोरावियाच्या ओटो नावाच्या ड्यूकने लढाई जिंकली म्हणून इथे चॅपल बांधलं आणि तिथे वस्ती झाली, आजचं स्तारे म्येस्तो म्हणजे तळ्यापलीकडचं जुनं गाव ते हेच. ही दंतकथाच समजायची. कागदावरचा भक्कम पुरावा १३३० च्या दशकातला आहे, जेव्हा पुढे सम्राट झालेल्या चौथ्या कार्लने, तेव्हा तो मोरावियाचा कारभार बघत होता, गहाण पडलेलं तेल्च सोडवून घेतलं. नंतर लगेच १३३९ साली त्याच्या वडलांनी, राजा यानने, तेल्च देऊन टाकलं ह्रादेत्सच्या सरदारांना, आणि बदल्यात घेतला हंगेरीच्या सरहद्दीजवळचा बानोव्ह किल्ला. राजाला सीमेवरचा किल्ला हवा होता, सरदारांना आपल्या यिंदृखूव ह्रादेत्सच्या जवळचं गाव, दोघांची सोय झाली. गावाची पुढची अडीचशे वर्षं या एका अदलाबदलीने ठरवली.

तिसरं: आता चौकात या आणि बाजार डोळ्यासमोर आणा

चौकाला आज झाखारियाशचं नाव आहे, तो कोण ते पुढे येईलच. आधी आकार बघा. चौकोनी नाही, लांबट, एका टोकाला निमुळता होत जाणारा. उंचवट्याचा जो आकार तोच चौकाचा, जागा तेवढीच होती. मधोमध १८व्या शतकाच्या सुरुवातीचा येशूच्या आईचा, मारियाचा खांब आणि पाण्याची कारंजी.

मधली सगळी मोकळी जागा हा बाजार. मध्ययुगात बाजार भरवायचा हक्क कोणालाही नसायचा, तो राजाकडून किंवा सरदाराकडून मिळवावा लागायचा, आणि त्याच्या जोडीला मैलाचा हक्क असायचा, म्हणजे गावापासून एक मैलाच्या आत दुसऱ्या कोणी बियर गाळायची नाही, ठरावीक धंदे करायचे नाहीत. हा जुना मैल आजच्या मैलापेक्षा कितीतरी मोठा, सात किलोमीटरच्या वर. म्हणून नकाशावर बाजाराची गावं एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर विखुरलेली दिसतात, शेतकऱ्याने सकाळी माल घेऊन निघायचं, विकायचं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं. तेल्चच्या भोवती हे मोजून बघा, दाचित्से, त्र्झेश्त्य, नोव्हा र्झीशे, सगळी अशीच.

नवीन लोकांचा एक गोंधळ इथेच मिटवतो. चेकमधे गाव, बाजारगाव आणि शहर असे तीन दर्जे आहेत, ओबेत्स, म्येस्तिस आणि म्येस्तो. मधला म्येस्तिस हा दर्जा कम्युनिस्ट काळात १९५४ साली बंद झाला आणि २००६ साली परत आला, त्यानंतर बऱ्याच गावांनी आपला जुना मान मागून घेतला. तेल्च स्वतः म्येस्तो आहे, पण शेजारचं म्राकोतीन, नोव्हा र्झीशे, स्तारा र्झीशे हे सगळे म्येस्तिस. पाटीवर हा शब्द दिसला की समजायचं इथे कधीतरी बाजाराचा हक्क होता आणि मधे एक चौक नक्की सापडणार.

चौकाच्या कडेने घरांच्या खालून कमानींची सलग पडवी गेलीय, चांगली लांब. ही शोभेसाठी नाही. पाऊस आणि बर्फ इथे भरपूर, माल ओला व्हायला नको, गिऱ्हाईक थांबायला पाहिजे, म्हणून दुकान पडवीत. मुसळधार पावसात गेलात तर नशीबवान समजा, कारण तेव्हाच या कमानी कशासाठी आहेत ते अंगावर कळतं. आजही खाली दुकानं, कॅफे, आइस्क्रीम आहेच. दुकानात शिरताना दोब्री देन म्हणा, निघताना ना स्खलेदानोउ, छोट्या गावात हे न म्हणणं उद्धट समजतात. शनिवारी दुपारनंतर छोटी दुकानं बंद होतात हेही लक्षात ठेवा, आणि थोडी रोख कोरुना जवळ असू द्या.

चौथं: घरं, एक एक करून

इथे घाई करू नका, हा सगळ्यात श्रीमंत भाग आहे.

आधीची घरं लाकडी होती. १४व्या शतकाच्या शेवटी मोठी आग लागली, गाव जळलं, मग दगडात बांधलं. १५३० साली पुन्हा आग. त्यानंतर जे उभं राहिलं त्याचेच चेहरे आज आपण बघतो. म्हणजे आतला सांगाडा, तळघरं, कमानीचे जोते बरेचसे गॉथिक म्हंजे मध्ययुगीन काळातले, आणि पुढचा चेहरा रेनेसाँचा, म्हंजे त्यानंतर इटलीहून आलेल्या शैलीचा, काहींवर त्याच्याही नंतरच्या बरोक काळात परत काम झालेलं. घराचा वरचा त्रिकोणी भाग, ज्याने छप्पर झाकलंय, तो बघत जा, दातेरी, गोल, वळणदार असे प्रकार आहेत, सरळ रेषांचे आणि अर्धगोलांचे साधारण जुने, लाटांसारखे वळणारे नंतरचे. पाच सहा घरांवर हे लावून बघितलं की डोळा बसतो.

घरं पुढून अरुंद आणि आत लांबच लांब, पेठेतल्या जुन्या वाड्यांसारखी. कारण चौकाला तोंड असलेली जागा महाग, प्रत्येकाला बाजारावर दुकान हवं, मग पुढची रुंदी वाटून घ्यायची आणि मागे तटापर्यंत जायचं. एखादं दार उघडं असेल आणि आत दुकान किंवा कॅफे असेल तर आत जाऊन मागे किती खोल जातंय ते बघा.

काही भिंतींवर कोरल्यासारखी चित्रं आणि चौकोन दिसतील, त्याला स्ग्राफितो म्हणतात. गडद गिलाव्यावर फिकट थर द्यायचा आणि तो ओला असतानाच वरचा थर खरवडून खालचा रंग काढायचा. रंग लावलेला नसल्यामुळे उन्हापावसात टिकतो. ६१ नंबरचं घर नक्की शोधा, मिखाल नावाच्या पाव भाजणाऱ्या सधन गावकऱ्याचं, सबंध दर्शनी भिंत अशा कामाने भरलीय, बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग आहेत. १५ नंबरही बघा. एका बेकरच्या घराचा हा थाट आहे, यावरून त्या बाजारात किती पैसा फिरत असेल याचा अंदाज करा.

नंबरांचं पण सांगतो. चेक घरांवर दोन पाट्या असू शकतात, एक घराचा मूळ नोंदणी नंबर आणि दुसरा रस्त्यावरचा क्रमांक. नोंदणी नंबर द्यायची पद्धत मारिया थेरेझा राणीच्या काळात १७७० च्या सुमारास सुरू झाली, सैन्यभरतीसाठी घरं आणि माणसं मोजायची म्हणून. पुस्तकात, माहितीपत्रकात जुन्या घराचा नंबर दिलेला असतो तो हाच.

पाचवं: आता राजवाडा, आणि तो बांधणारा झाखारियाश

चौकाच्या टोकाला राजवाडा आहे, आधीच्या गॉथिक किल्ल्यातून वाढवलेला. झाखारियाश हा ह्रादेत्सच्या घराण्यातला धाकटा भाऊ, त्याच्या वाट्याला १५५० साली तेल्च आलं. तरुणपणी तो बाकीच्या चेक सरदारांबरोबर इटलीत जेनोआपर्यंत जाऊन आला होता आणि तिथली घरं, कमानी, बागा बघून परतल्यावर इथला अंधारा किल्ला त्याला पुरेना. पैसा होता, चांदीच्या खाणी, तळी, शेती, शिवाय बायको कातेर्झिना वाल्दश्तेइन घराण्यातली. त्याने इटालियन भाषक कारागीर आणले, त्यात बाल्दासारे माज्जी हे मोठं नाव, आणि खांबांची ओवरी असलेलं अंगण, दालनं, बाग असं सगळं उभं केलं. पुढे तो मोरावियाचा हेय्तमान, म्हणजे प्रांताचा प्रमुख अधिकारीही झाला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सरदाराने घर बदललं आणि गावानेही आपला चेहरा त्याच रीतीने बदलला. चौकातली घरं तुम्ही आधी बघितली असतील तरच हे नातं दिसतं, म्हणून मी राजवाडा शेवटी ठेवायला सांगतो.

आत दोन वेगळ्या फेऱ्या असतात, एक रेनेसाँ दालनांची, एक नंतरच्या मालकांच्या राहत्या खोल्यांची. वेळ एकीलाच असेल तर पहिली घ्या. सोनेरी दालनाचं लाकडी छत १५६१ चं आहे, मान दुखेपर्यंत वर बघा. तळमजल्यावर सर्व संतांचं चॅपल आहे, तिथे झाखारियाश आणि कातेर्झिना दोघांची समाधी, भोवती चुन्याच्या गिलाव्यातलं नाजूक काम. फेरी बहुतेक चेकमधे असते, तिकीट घेताना छापील इंग्रजी मजकूर मागून घ्या. सोमवारी चेकमधले बहुतेक राजवाडे बंद, आणि हिवाळ्यात वेळा फार कमी, हे आधी बघून निघा.

झाखारियाश १५८९ साली गेला, वारस मुलगा उरला नव्हता, तेल्च पुतण्याकडे गेलं आणि १६०४ साली ते घराणंच संपलं. मग लग्नाच्या नात्याने गाव आलं विलेम स्लावाताकडे. हा तोच स्लावाता ज्याला १६१८ साली प्रागच्या राजवाड्याच्या खिडकीतून बाहेर फेकलं, तो वाचला, पण त्या प्रसंगातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. शाळेत इतिहासात वाचलेलं नाव असं एका छोट्या गावाच्या मालकीत सापडतं तेव्हा फार बरं वाटतं. स्लावाता घराण्यातल्या फ्रांतिश्का या विधवेने १७व्या शतकाच्या मध्याला जेसुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आणले, राजवाड्याजवळचं येशूच्या नावाचं चर्च आणि कॉलेज त्यांचंच. १७७३ साली जेसुइट संघ बंद झाला. त्या कॉलेजच्या इमारतीत आज ब्र्नोच्या मासारिक विद्यापीठाचं केंद्र आहे. राजवाड्याचे शेवटचे मालक पोद्स्तात्स्की लिख्तेन्श्तेइन, त्यांच्याकडून १९४५ साली सरकारने घेतला.

शेजारी सेंट याकुबच्या चर्चचा मनोरा ६० मीटरचा. मोसमात वर सोडतात, दारावरची वेळ बघा. सकाळपासून जे पायी फिरलात ते सगळं वरून एका नजरेत दिसतं, उंचवटा, तळी, दोन्ही वेशी आणि मधला निमुळता चौक.

सहावं: मुक्काम करणार असाल तर भोवतालचा मुलूख

एक रात्र राहाच. जुलैच्या शेवटी ऑगस्टमधे प्राझ्द्निनी व तेल्ची नावाचा लोकसंगीताचा महोत्सव असतो, तेव्हा गाव भरलेलं असतं आणि खोल्या आधी धराव्या लागतात.

चालायची आवड असेल तर यावोर्झित्से करा, ८३७ मीटर, बोहेमिया मोराविया पठाराचं सगळ्यात उंच शिखर. कठीण अजिबात नाही, जंगलातून वाट आहे. वाटा रंगाने दाखवलेल्या असतात, दोन पांढऱ्या पट्ट्यांमधे लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा पट्टा, झाडावर नाहीतर दगडावर, १८८८ साली सुरू झालेल्या चेक पर्यटक क्लबचं हे काम, आणि मापीमधे त्याच रंगांनी वाटा दिसतात. वाटेत म्राकोतीन लागतं. तिथला ग्रॅनाइट प्रसिद्ध आहे, प्रागच्या राजवाड्याच्या तिसऱ्या अंगणात जो उंच एकसंध दगडी खांब प्लेच्निक या वास्तुविशारदाने १९२८ साली उभा केला तो याच दगडाचा. प्रागला तो बघितला असेल तर आता त्याचं माहेर बघा. त्याच भागात रोश्तेइनचा किल्ला आहे, सात कोनी मनोऱ्याचा, ह्रादेत्सच्या सरदारांनी १४व्या शतकात बांधलेला.

दक्षिणेला ट्रेनने दाचित्से. चहात टाकतो तो साखरेचा चौकोनी तुकडा जगात पहिल्यांदा इथे झाला, याकूब क्रिश्तोफ राद हा इथल्या साखर कारखान्याचा मॅनेजर, त्याला १८४३ साली त्याचं पेटंट मिळालं. तेव्हा साखर मोठ्या शंकूच्या आकारात मिळायची, ती फोडताना त्याच्या बायकोचं, युलियानाचं, बोट कापलं आणि तिनेच नवऱ्याला सुचवलं असं सांगतात. गावात त्या तुकड्याचं स्मारकपण आहे. त्याच लाइनच्या शेवटी स्लावोनित्से, ऑस्ट्रियाच्या हद्दीला चिकटलेलं, तिथेही स्ग्राफितोची घरं भरपूर, आणि तेल्चमधे डोळा तयार झालेला असल्यामुळे ती पटापट वाचता येतात. संगीतवाल्यांनी नोव्हा र्झीशेला जावं, १३व्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा मठ आहे आणि १८व्या शतकात व्हिएन्ना गाजवणारे व्रानित्स्की बंधू, पावेल आणि आंतोनीन, इथलेच.

रविवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, छोट्या गावांमधल्या बस तर काही वेळा वीकेंडला नसतातच, म्हणून दाचित्से किंवा नोव्हा र्झीशेला निघायच्या आधी परतीची गाडी इदोसवर बघून तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि कोस्तेलेत्सला बदलायला किती मिनिटं मिळतात तेही तपासा.